सव्वादोन किलोची चिंगी

आमच्याकडे कोणी नवीन माणूस आलं की मी दारातच दोन गोष्टी सांगते. सोफ्यावर किंवा पलंगावर बसायच्या आधी हात फिरवून बघा, आणि घरात पाय उचलून टाकू नका, जरा घासत चाला. लोकांना वाटतं फरशी नुकतीच पुसलीय. फरशी कोरडी असते, पण चिंगी कुठल्या गोधडीच्या घडीत शिरलीय ते आम्हालाही पटकन सांगता येत नाही, आणि चालताना ती तुमच्या टाचेच्या बरोब्बर मागे असते, अजिबात आवाज न करता. गेली सात वर्षं आमच्या घरातली सगळी माणसं अशीच पाय घासत चालतात. परवा एका लग्नात हॉलमधल्या खुर्चीवर बसताना पण माझा हात आधी गादीवरून फिरला.

चिंगी म्हणजे आमची चिवावा जातीची कुत्री. स्पेलिंग वाचून लोक चिहुआहुआ म्हणतात, शेजारच्या काकू पहिल्या दिवसापासून चिवडा म्हणतात, चिंगी दोन्हीला कान टवकारते. वय सात, वजन सव्वादोन किलो. हे वजन अंदाजपंचे नाहीये, दर महिन्याच्या एक तारखेला किचनमधल्या काट्यावर परात, परातीत टॉवेल आणि टॉवेलवर चिंगी, आणि मग कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी आकडा.

आज लिहायला बसले कारण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला, "आम्हीपण एक छोटंसं चिवावा घेतोय गं, फ्लॅटमध्ये बरं पडतं ना, काही त्रास नाही, पर्समध्ये मावतं." मी त्यांच्याशी अर्धा तास बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बरंच सांगायचं राहिलंय. मुख्य सांगायचं ते हे की चिवावा पूर्ण कुत्रं असतं. राखण, हद्द, मान, राग, भीती, माया, लॅब्रॅडॉरला जेवढं असतं तेवढं सगळं तिला आहे. पण माणसांना ती खेळणं वाटते, आणि तिचे जे काही हाल होतात ना ते बहुतेक सगळे त्यातूनच होतात. आमच्याकडेही झाले.

2018 च्या नोव्हेंबरात लेकीच्या हट्टामुळे आम्ही तिला आणली. आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, सक्त विरोध होता. घरात देवघर आहे, केस उडणार, आणि शेवटी करायचं कोणी तर मी, असं त्यांचं म्हणणं आणि ते काही चूक नव्हतं. विकणाऱ्या माणसाने छातीठोक सांगितलं, टीकप चिवावा आहे, एक किलोच्या वर जाणारच नाही, फक्त जास्त खायला घालू नका, दिवसातून दोनदा चमचा चमचा दुधात कालवून काहीतरी द्या बास. वय म्हणाला नऊ आठवडे. डॉक्टरांनी नंतर तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले जेमतेम सहा असेल, ही अजून आईजवळ असायला हवी होती. वजन 480 ग्रॅम. लोण्याचा डबा असतो ना अर्ध्या किलोचा, त्याहून कमी.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी उठले तर ती तिच्या खोक्यात आडवी पडलेली. डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. उचलली तर मान लटलट हलत होती आणि पाय गार. ओठ वर करून बघितला तर हिरड्या पांढऱ्या. मला वाटलं संपलं. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला, बिचाऱ्यांनी एवढ्या पहाटे उचलला, आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले साखर उतरलीय, मध किंवा ग्लुकोज असेल ते बोटाने हिरड्यांना चोळा, पाजू नका, नाकात जाईल, आणि उबेत ठेवून लगेच घेऊन या. मी मध शोधत कपाटं उघडतेय आणि आई देवघरातून पंचामृताची मधाची बाटली घेऊन आल्या. ज्या बाईंनी तीन दिवस तिला हात लावला नव्हता त्या फरशीवर मांडी घालून बसल्या, तिला पदरात घेतली आणि करंगळीला मध लावून तिच्या हिरड्यांवरून फिरवायला लागल्या, एकदा इकडून एकदा तिकडून, लहान बाळाला गुटी चाटवतात तसं. दहा मिनिटं गेली असतील. मग तिची जीभ हलली. आईंच्या करंगळीवरचा मध तिने स्वतः चाटला तेव्हा आई एवढंच म्हणाल्या, "गाडी काढा."

दवाखान्यात सुई टोचून बघितलं तर मध पोटात जाऊनसुद्धा साखर 52 होती, साठच्या खाली कमीच समजतात. डॉक्टरांनी नीट समजावलं की एवढ्या छोट्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा जवळजवळ नसतोच, अंगावर मांस नाही, आणि मेंदू मात्र शरीराच्या मानाने मोठा, त्याला सतत साखर लागते. रात्रभर उपाशी राहिलं, थंडी वाजली, किंवा दिवसभर खेळून दमलं एवढ्यानेही हे होतं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्यायचं, पिल्लांचंच खाणं द्यायचं, गाईचं दूध नाही. आणि टीकपबद्दल तर ते चिडूनच बोलले. केनेल क्लब म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्था, त्यातल्या कुठल्याच यादीत टीकप चिवावा अशी वेगळी जात नाहीये, तो विकणाऱ्यांचा शब्द आहे. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमात चिवावाचं वजन सहा पाउंडांच्या आत हवं, म्हणजे साधारण पावणेतीन किलो, आणि तेवढी ती मुळातच लहान जात आहे. त्याहून लहान करायला मग अशक्त पिल्लं निवडायची, लवकर आईपासून तोडायची, उपाशी ठेवायची. "जास्त खायला घालू नका" याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. अजून राग येतो. त्या ताईंना मी हेच कळकळीने सांगितलं, पिल्लाची आई बघितल्याशिवाय आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊच नका, चिवावाच्या बाबतीत तर दहा-बारा आठवडे थांबलात तर अजून चांगलं.

दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी अजून एक झालं. आई तिला मांडीवर घेऊन डोक्यावरून बोट फिरवत होत्या आणि एकदम थांबल्या. "अगं, हिची टाळू भरलेली नाही!" मी हात लावला तर खरंच कानांच्या मधोमध कपाळाच्या वर बोटाच्या पेराएवढा मऊ खड्डा, आणि त्यात ठोका लागतोय. मी घाबरून परत दवाखान्यात फोन. डॉक्टर म्हणाले चिवावात हे खूप जणांना असतं, त्याला मोलेरा म्हणतात, काहींची मोठेपणी भरते, काहींची आयुष्यभर तशीच राहते, ती नीट खातेय खेळतेय ना मग काळजी नको, फक्त डोक्याला मार लागू देऊ नका. आईंना हे फक्त अर्धं पटलं. बाळाची टाळू भरायला तेल घालतात हे त्यांनी तीन पोरांचं केलंय, त्यामुळे पुढचे दोन महिने रोज सकाळी देवाची पूजा झाली की खोबरेल तेलाचं एक बोट चिंगीच्या टाळूवर. टाळू काही भरली नाही. पण चिंगी अजूनही पूजेची घंटा वाजली की देवघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसते आणि डोकं पुढे करते, आणि आई अजूनही बोट फिरवतात, तेल नसलं तरी.

लोक विचारतात ही इतकी थरथरते का, आजारी आहे का. थरथरण्याचे प्रकार असतात आणि ते ओळखायला मला वर्षभर लागलं. अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जिन्यावरच्या चपलांचा आवाज आला की थरथरते ती आनंदाने, तेव्हा कान पुढे असतात. फटाक्यांना थरथरते तेव्हा शेपूट पोटाखाली आणि तोंड उघडं, जोरजोरात धापा. पाठ वाकवून थरथरली तर कुठेतरी दुखतंय. आणि बाकी सगळं थंडीने. एवढ्या छोट्या अंगातली उष्णता भराभर निघून जाते, चहा कपात लवकर गार होतो आणि पातेल्यात उशिरा तसं. चिवावा हे उत्तर मेक्सिकोतल्या एका राज्याचं नाव, तिकडून एकोणिसाव्या शतकात ही कुत्री अमेरिकन प्रवाशांबरोबर बाहेर पडली आणि 1908 मध्ये अमेरिकन केनेल क्लबात पहिल्या चिवावाची नोंद झाली. त्याच्या कितीतरी आधी मेक्सिकोतल्या टोल्टेक लोकांकडे टेचिची नावाची छोटी कुत्री होती, त्यांचा हा वंश असं मानतात, मात्र जनुकांचा अभ्यास झाला त्यात त्या जुन्या अमेरिकन कुत्र्यांचा अंश आजच्या चिवावात अगदी थोडाच सापडलाय. कुठल्याही वंशाची असो, नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली थंडी तिला झेपत नाही. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की त्या दिवशी चिंगी गोधडीबाहेर येतच नाही, तिला शू करायला न्यायची म्हणजे स्वेटर घालून, आणि स्वेटर आईंनी अण्णांच्या जुन्या मफलरची लोकर उसवून विणलेला.

हिवाळ्यात सकाळी आमच्या हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीतून कवडसा पडतो. साडेआठला तो टीव्हीच्या कपाटापाशी असतो आणि साडेदहापर्यंत सरकत सरकत दारापर्यंत जातो. चिंगी त्या कवडशाबरोबर सरकते. झोपलेलीच असते, डोळे मिटलेले, पण ऊन शेपटीवरून गेलं की उठते, दोन पावलं पुढे होते, गोल फिरते, परत बसते. मी घरून काम करते त्या दिवशी मला घड्याळ बघावं लागत नाही, चिंगी चपलांच्या स्टँडपाशी पोचली की साडेदहाची मीटिंग.

तिच्यासाठी घरात काय काय बदलावं लागलं ते सांगते, कारण हे आधी कोणी सांगत नाही. गळ्यातला पट्टा पहिल्याच महिन्यात बंद केला. चिवावाची श्वासनळी नाजूक असते, पट्टा ताणला गेला की ती बदकासारखा आवाज काढून खोकायची. मग छातीवरून बांधायचा हार्नेस आणला, कुत्र्यांच्या मापात एवढा छोटा मिळालाच नाही, मांजरांच्या सेक्शनमधला घेतला. मग गुडघा. तिच्या मागच्या डाव्या पायाची गुडघ्याची वाटी सरकते. धावता धावता एकदम तो पाय वर घेते, तीन पायांवर चार पावलं टाकते, पाय झटकते आणि परत चारही पायांवर. छोट्या कुत्र्यांत हे फार असतं, त्याच्या चार ग्रेड असतात आणि हिची पहिली, म्हणून ऑपरेशन नाही, पण सोफ्यावरून उडी मारायची नाही हे बंधन. हे कुत्र्याला कसं सांगणार? अण्णांनी जुने तीन पाट एकावर एक पायऱ्यांसारखे ठोकले, वर सतरंजीचा तुकडा खिळवला. पहिले पंधरा दिवस तिने पायऱ्यांकडे ढुंकून बघितलं नाही, अण्णा रोज प्रत्येक पायरीवर उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा ठेवून बाजूला बसून राहायचे. (चिकन आई किचनमध्ये येऊ देत नाहीत, ते गॅलरीतल्या छोट्या गॅसवर.) सोळाव्या की सतराव्या दिवशी ती आपली आपण उतरली, आणि अण्णांकडे असं बघितलं की त्यांनी मला हाक मारून बोलावलं.

आणि दात. एवढ्याशा तोंडात मोठ्या कुत्र्यांइतकेच बेचाळीस दात, त्यामुळे दाटीवाटी. हिचे दुधाचे सुळे पडलेच नाहीत, शेजारी नवीन आले आणि दोन्ही ओळीने उभे, मध्ये अन्न अडकायचं. सातव्या महिन्यात नसबंदीसाठी भूल दिली तेव्हाच डॉक्टरांनी ते काढले. तेव्हापासून रोज रात्री बोटात घालायचा ब्रश आणि कुत्र्यांची वेगळी टूथपेस्ट, आपली नाही चालत.

खाण्याचं गणित तर लोकांना पटतच नाही. सव्वादोन किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण दोनशेच्या आत कॅलरी लागतात. एका मारी बिस्किटात पंचवीस-एक असतात. म्हणजे "एकच दिलं गं" असं म्हणून काकू जे बिस्किट देतात तो तिच्या अख्ख्या दिवसाच्या जेवणाचा आठवा भाग. तिचं वजन दोनशे ग्रॅमने वाढलं तर आपलं पाच-सहा किलोने वाढल्यासारखं, आणि ते सगळं त्या सरकणाऱ्या वाटीवर येणार. मी हे काकूंना कागदावर लिहून दाखवलं तेव्हा त्यांनी बिस्किटं बंद केली, आता बोटभर काकडी घेऊन येतात आणि चिंगी ती तितक्याच प्रेमाने खाते.

आमच्यासारख्या नाशिककरांना सगळ्यात मोठी भीती द्राक्षांची. दीर माझे पिंपळगावकडे बागायतदार, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात क्रेटच्या क्रेट येतात, आल्यागेल्याला वाटायचे असतात, आणि द्राक्षं-मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक. किती खाल्ली तर घातक याचा नेम नाही, एखादं कुत्रं बरीच खाऊन ठणठणीत राहतं आणि एखादं थोडक्यात जातं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक अ‍ॅसिडकडे बोट दाखवलं, आणि ते द्राक्षागणिक कमी-जास्त असतं म्हणून असं होत असावं. सव्वादोन किलोच्या जिवाच्या बाबतीत आम्ही प्रयोग करणार नाही. आमच्याकडे एकदा क्रेट उतरवताना दोन मणी घरंगळले आणि आम्ही वाकेपर्यंत एक तिच्या तोंडात गेला होता. तसंच उचलून दवाखान्यात, उलटीचं इंजेक्शन, द्राक्ष आख्खंच्या आख्खं बाहेर, तरी दोन दिवस सलाईन आणि रक्ताच्या तपासण्या. सगळं नॉर्मल आलं. दीर तेव्हापासून क्रेट खाली पार्किंगमध्येच ठेवतात आणि वर येताना हात धुऊन खिसे झटकून येतात.

आता ज्यासाठी मी खरं हे लिहायला बसले ते.

2021 च्या भाऊबीजेला नणंद आली होती, भाचा तेव्हा सहा वर्षांचा. चिंगी गोधडीत झोपलेली. भाच्याने मागून येऊन तिला काखेत धरून उचललं. ती गुरगुरली. एवढीशी कुत्री आणि एवढं गुरगुरणं, सगळे हसले, कोणीतरी मोबाइल काढला, "अरे परत कर परत कर, बघ कशी मोटारसायकल चालू होते." त्याने परत हलवलं, ती परत गुरगुरली, परत हशा. तिसऱ्यांदा त्याने तिचं तोंड आपल्या तोंडाजवळ नेलं आणि मध्ये हात आला म्हणून बरं, तिने बोटाला चावा घेतला. दोन टिपके रक्ताचे. पोरगं किंचाळलं, तिला सोडून दिलं, ती सोफ्यावर पडली आणि पळत पलंगाखाली गेली. नणंद साहजिकच चिडली. आम्ही भाच्याचं बोट नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, चिंगीचं लसीचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सांगितलं तशी इंजेक्शनं पूर्ण केली. कुत्री किती का छोटी असेना, चावल्यावर हे करायचंच.

रात्री सगळे झोपल्यावर मी तो व्हिडिओ बघितला. चाळीस सेकंदांचा आहे. सहाव्या सेकंदाला चिंगीचे कान मागे गेलेत, डोक्याला चिकटलेत. अकराव्या सेकंदाला ती स्वतःचं नाक चाटते, समोर खायला काही नसताना. मग तोंड फिरवते, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसतंय. मग अंग ताठ. मग गुरगुरणं, एकदा, दोनदा. तीस सेकंद ती बिचारी जमेल त्या प्रत्येक भाषेत सांगत होती की मला खाली ठेव, आणि सात मोठी माणसं समोर उभी होती. त्या व्हिडिओत हसण्याचा सगळ्यात मोठा आवाज माझा आहे.

जर्मन शेफर्ड असता तर पहिल्याच गुरगुरीला आम्ही सगळे चार पावलं मागे सरकलो असतो ना? मग हिचं का नाही ऐकलं? लोक म्हणतात चिवावा चिडकी असतात, भुंकतात, चावतात. असतीलही काही. पण रोज उठून कोणीही येतं, न विचारता तिला जमिनीवरून तिच्या उंचीच्या सात-आठ पट वर उचलतं, गालाला लावतं, ती नको म्हणाली की हसतं, असं वर्षानुवर्षं आपल्याला कोणी केलं तर आपण काय करू. हळूहळू तिला कळतं की गुरगुरून उपयोग नाही, आणि मग ती गुरगुरणं सोडून थेट चावते. तिची चूक आहे असं मला आता अजिबात वाटत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. चिंगीला कोणी वरून वाकून उचलायचं नाही. तिला भेटायचं असेल तर फरशीवर बसायचं, हात जमिनीला टेकवून ठेवायचा, आणि ती आली तर आली. घरच्यांनीसुद्धा उचलायच्या आधी "वर?" असं विचारायचं आणि हात तिच्या छातीजवळ न्यायचा. ती पुढचे दोन पाय जरा उचलून हातावर भार टाकते, तो तिचा हो. मग एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, आणि घट्ट आपल्या अंगाशी. नाही टाकला भार तर नाही उचलायचं, भले आपल्याला बाहेर जायला उशीर होवो. पाहुण्यांना सुरुवातीला हे अती वाटतं. काहींनी तोंडावर बोलूनही दाखवलं, कुत्र्याला काय विचारायचं. मी वाद घालत नाही, फक्त उचलू देत नाही. भाचा आता मोठा झालाय, दिवाळीला आला की दारातच बूट काढून हॉलमध्ये पालथा पडतो आणि हनुवटी फरशीला टेकवून वाट बघतो. मागच्या वर्षी चिंगी आली आणि त्याच्या मानेवर चढून झोपली, दोन तास तो पोरगा हलला नाही, फराळाचं ताट मी त्याला जमिनीवर नेऊन दिलं.

बाहेर मात्र उलटी गंमत असते, बाहेर तिला स्वतःच्या आकाराची काही कल्पना नसते. गल्लीत चार कुत्री आहेत, चिंगी चौघांवर भुंकते. मोठ्या कुत्र्याने नुसतं तोंडात धरून एक झटका दिला तरी चिवावा वाचत नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे आम्ही तिला भुंकू न देता माझ्याकडे बघायला शिकवलं, तोच वाटाण्याएवढा तुकडा, आणि रस्त्यावरच्या त्या चौघांशी आम्हीच ओळख वाढवली, त्यांच्या लसी आम्ही सोसायटीतली तीन घरं मिळून करतो. त्यातला एक काळा तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत येतो. सोसायटीत एकदा लिफ्टमध्ये कुत्री नको असा ठराव आणायचं चाललं होतं, तेव्हा अण्णांनी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक सूचना छापून नेली की पाळीव प्राण्यांना लिफ्टची बंदी सोसायटीला घालता येत नाही. विषय मिटला. आम्हीही लिफ्टमध्ये कोणी घाबरणारं असेल तर थांबतो, पुढच्या फेरीला जातो.

लक्ष्मीपूजनाची रात्र आम्ही आतल्या खोलीत काढतो. खिडक्या बंद, पडदे, पंखा फुल आणि रेडिओ, आणि अण्णा तिला शालीत घेऊन पाठ भिंतीला टेकवून बसतात. पूजा झाली की आई आरतीचं तबक आतच आणतात.

अण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. घरात आणलं आम्ही, खायला घालते मी, मध चोळला आईंनी, पण तिने माणूस निवडला तो अण्णांना. चिवावा असं एक माणूस धरतात. ते पेपर वाचतात तेव्हा ती पेपर आणि पोटाच्या मधल्या जागेत असते, पान उलटताना अण्णा पेपर आधी उचलून मग उलटतात म्हणजे तिच्या कानाला लागत नाही.

यंदा जानेवारीत लस द्यायला नेली तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप जरा जास्त वेळ लावून ठेवला. हृदयातून मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मध्ये जास्तीचा आवाज, ऐकू येतोय म्हणाले, ग्रेड दोन, हृदयातली मायट्रल नावाची झडप नीट मिटत नाही, छोट्या जातींत वय वाढलं की हे फार दिसतं. इको केला, हृदयाचा आकार अजून ठीक आहे, औषध आत्ता नको. या जातीची कुत्री चौदा-सोळा वर्षं जगतात, हीसुद्धा जगेल, पण लक्ष ठेवा. आणि एक काम दिलं, ती गाढ झोपली की मिनिटाला श्वास किती ते मोजायचे. तीसच्या आत असेल तर काळजी नाही, रोज तीसच्या वर जायला लागला तर लगेच यायचं.

हे काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं. रात्री साडेदहाला ती त्यांच्या उशीशेजारी गोधडीत शिरते, ते गोधडीचं टोक बाजूला करतात, चष्मा लावतात आणि मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत तिच्या बरगड्यांवर नजर ठेवतात. अर्धा मिनिट मोजतात आणि दुप्पट करतात. मग उठून कॅलेंडरपाशी येतात, पाय घासत, आणि दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलने आकडा लिहितात. काल 22 होता. परवा पण 22.